पासपोर्टची पक्की शिलाई

पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी सुटतात. आमचे बाइंडर दुरुस्तीला आलेल्या पुस्तकाची तेवढीच सुटी पानं वाचत. त्यामुळे त्यांना हजार गोष्टींची सुरुवात आणि शेवट ठाऊक होता, मधलं मात्र काहीच नाही. ते मधलं ते माणसांना विचारत. वही शिवायला आलेल्या माणसाची त्याच्या धंद्याची, गावाची आणि सासऱ्याच्या दम्याची माहिती दिल्याशिवाय सुटका नसे.

त्यांची ताई सरहद्दीच्या पलीकडे दिली होती. ती सासरी गेली तेव्हा बाइंडर तिच्या कमरेएवढे होते. पुढे दोन्ही देशांचं काहीतरी बिनसलं आणि फाटक बंद झालं. मालाच्या लॉऱ्या जात-येत, माणसं नाही. ताईचा अधूनमधून फोन यायचा, त्यात आवाज यायचा, ताई यायची नाही. आता अचानक बातमी आली की पासपोर्ट असेल त्याला पायी पलीकडे जाता येईल. किती दिवस, ते कुणी सांगत नव्हतं. ताईनं सत्तरी ओलांडली होती. "फाटक मिटायच्या आत मला ताईसमोर जाऊन बसायचंय," बाइंडरांनी बायकोला सांगितलं आणि तयारीला लागले.

तयारी म्हणजे प्रश्न. दुकानासमोर लॉऱ्यांचा तळ होता. तिथला एक उंच, दाट केसांचा ड्रायव्हर सिमेंट घेऊन नेहमी पलीकडे जायचा. बाइंडरांनी त्याला धरला.

"आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, तिकडे उजवीकडून. मग बदलता कुठं?"

"दोन फाटकांच्या मध्ये, मास्तर."

"दोघं एकदम बदलायला गेले तर?"

"एक थांबतो."

"कोण?"

ड्रायव्हरनं आजवर हा विचार केला नव्हता. त्यानं पुढच्या खेपेला मुद्दाम बघून येऊन सांगितलं की ज्याची गाडी भरलेली तो आधी जातो, रिकामा थांबतो. बाइंडरांना ही रीत इतकी आवडली की त्यांनी ती दिवसभर गिऱ्हाइकांना ऐकवली. मग तिकडचं घड्याळ अर्धा तास पुढं आहे हे कळलं, तेव्हा दोन फाटकांच्या मधल्या रस्त्यावर किती वाजलेले असतात, यानं त्यांची झोप उडवली. सावली आहे का? पाणी कोणत्या बाजूचं? मधल्या झाडाची पानं कोण झाडतं? बायकोचे कान किटले.

"अहो, वन्संना भेटायला चाललोय की रस्ता विकत घ्यायला?" ती म्हणाली.

यथावकाश पासपोर्ट आले. बाइंडरांनी स्वतःचा उघडला, मिटला, कणा वाकवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मधोमध एकच मशीनची टीप. दोरा कच्चा. एवढ्या मोठ्या सरकारचं पुस्तक आणि शाळकरी वहीसारखी शिलाई. त्यांचे हात शिवशिवायला लागले. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी ती टीप उसवली, दाभणानं भोकं नीट केली, मेण ओढलेल्या दोऱ्यानं पानं नव्यानं शिवली आणि खळ लावून पासपोर्ट वजनाखाली दाबून ठेवला. एक पान इकडचं तिकडे झालं नाही. काम इतकं सुरेख झालं की ते बायकोचाही मागायला गेले. तिनं तो पेटीत कुलपाखाली ठेवला होता.

"माझ्या पुस्तकाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हाताची खळ पुसायला पान फाडाल त्याचं."

"मी पानं जोडतो, फाडत नाही," बाइंडर दुखावून म्हणाले.

ठरल्या दिवशी ड्रायव्हरनं दोघांना लॉरीतून फाटकापर्यंत आणलं. ताईचा जावई तिला घेऊन पलीकडच्या फाटकाशी येणार होता. बाइंडर वाटभर मान बाहेर काढून बसले होते. फाटकाशी पोचल्यावर ते आधी कठड्यावरून वाकून मधलं झाड बघून आले. पानं कुणीच झाडत नव्हतं.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं बायकोच्या पासपोर्टवर शिक्का मारला. बाइंडरांचा हातात घेतला आणि थांबला. त्यानं तो उघडला. पासपोर्ट टेबलावर उताणा, सपाट पडून राहिला. असा पडणारा पासपोर्ट त्यानं बघितला नसावा. मग त्यानं तो एका निळ्या दिव्याखाली धरला.

"काका, आमचा दोरा या दिव्याखाली चमकतो. हा चमकत नाही."

"तुमचा कच्चा होता," बाइंडर आपुलकीनं म्हणाले. "मी पक्का घातला. तुम्ही ओढून बघा हवा तर."

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, बायकोनं कपाळाला हात लावला. तेव्हा कुठं बाइंडरांना कळलं, काहीतरी चुकलंय.

अधिकारी माणूस बरा होता. त्यानं पानं मोजली, वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठानंही शिलाईवरून बोट फिरवलं. "काम चांगलं आहे," तो म्हणाला, "पण उसवलेला पासपोर्ट रद्द. नवा काढा, मग या. तोवर फाटक उघडं असेल तर."

"ताई पलीकडे उभी आहे हो," बाइंडर म्हणाले. वरिष्ठानं मान खाली घातली, पण पासपोर्ट परत दिला नाही.

"मी नाही जात," बायको म्हणाली.

"जा," बाइंडर म्हणाले. "ती उन्हात उभी असेल. तू तरी जा."

ती निघाली. ज्या रस्त्याची तिला काडीइतकी हौस नव्हती, त्यावरून ती एकटी, पदर सावरत, झाडाकडे न बघता चालत गेली. बाइंडर कठड्याशी उभे राहिले. ड्रायव्हरची लॉरी रांगेत अडकली होती, तो उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

पलीकडच्या फाटकाशी पाचसहा माणसं होती. त्यांतली ताई कोणती, हे बाइंडरांना कळेना. त्यांनी साऱ्या वाटेची चौकशी केली होती. ताई आता कशी दिसते, हे विचारायचं राहून गेलं होतं. बायको एका ठेंगण्या, काठी टेकलेल्या म्हातारीपाशी थांबली, वाकली, आणि म्हातारीनं तिला पोटाशी धरलं. बाइंडरांना हुंदका आवरेना.

मग बायकोनं वळून इकडे बोट दाखवलं. म्हातारीनं कपाळाशी हात धरून बघितलं आणि काठी उचलून हलवायला लागली. जोरजोरात हलवत होती. जावयानं तिला मागून सावरलं होतं.

बाइंडरांनीही दोन्ही हात वर केले. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती बघत होती ड्रायव्हरकडे. तो उंच, ताठ, डोक्यावर दाट केस. आणि शेजारी हा टकला, वाकलेला, चष्मा पुसणारा माणूस.

ड्रायव्हर ओशाळला. "मास्तर, त्यांचा घोटाळा झालाय. मी सरकतो, तुम्ही पुढं व्हा."

बाइंडरांनी त्याची बाही घट्ट धरली.

"सरकू नका," ते म्हणाले. "खूश आहे ती. हलवा तुम्ही हात."