मिनूचं निळं

मिरजेहून मी निघाले त्या दिवशी आई मला सोडायला फाटकापर्यंत आली नाही. गाडी दाराशी उभी, बॅगा डिकीत, बाबा तिसऱ्यांदा पासपोर्ट विचारतायत, आणि ही बाई परसातल्या सिमेंटच्या हौदाशी साडी खोचून सडकी पानं काढत बसलेली. हौदात तिची निळी कमळं होती. खरं तर ती कमळं नव्हेत, कुमुदं. पण आमच्याकडे सगळे त्यांना कमळंच म्हणत. मी मागे जाऊन पाया पडले, तर ओला हात डोक्यावर ठेवून म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आणि तिकडं वेळेवर जेवत जा." मग पुन्हा पानांकडे वळली. गाडी गल्लीतून बाहेर पडली तरी माझ्या केसांतून ते पाणी ओघळत होतं, आणि मला त्या हौदाचा हेवा वाटत होता. सतरा वर्षं झाली त्याला. हेवा करायची माझी सवय जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला चांगली समजायची चूक करणार नाही.

तिकडे राहिलेल्या तुम्हाला वाटतं, आम्ही इकडे सुखात लोळतोय. तुम्ही आमच्या डेकचे आणि लालपिवळ्या झाडांचे फोटो बघून जळता, आम्ही तुमच्या केळवणाच्या पंगतीचे फोटो बघून. आणि इथे आलेले आम्ही एकमेकांवर किती जळतो ते तर विचारूच नका. ग्रीन कार्ड कुणाचं आधी आलं, कुणाच्या मुलीला मराठी वाचता येतं, कुणाचा कढीपत्ता थंडीत जगला. माझ्या बाबतीत कढीपत्त्याच्या जागी कमळ होतं, एवढाच फरक.

इकडे अमेरिकेत हर्नडनला घर घेतलं त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी बॅकयार्डमध्ये खड्डा खणून घेतला, त्यात काळं रबरी अस्तर घातलं आणि नर्सरीतून निळीच लिली आणली. अगदी आईच्या हौदातल्यासारखी. नर्सरीतली बाई थंडीबद्दल काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली आणि निघाले. हौदाकाठी वाढलेल्या मला ही कोण शिकवणार? सप्टेंबरपर्यंत ती फुलत राहिली, मी आईला रोज फोटो पाठवत राहिले. हिवाळ्यात तळं वरून गोठलं. एप्रिलमध्ये तळाशी ठेवलेली लिलीची कुंडी वर काढली, तर आत काळा चिखल आणि कुजका वास. पुढच्या वर्षी नवी आणली. तीही गेली. तिसरी गेली तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही.

आणि कुंपणापलीकडे शुभदा. पुण्याची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच आयटीतली. तिच्या तळ्यात तीन कुंड्या, तिन्हींत गुलाबी लिली, आणि तिन्ही दर मे महिन्यात न चुकता वर यायच्या. तिनं त्यासाठी काही विशेष केलंय असंही दिसायचं नाही. तिचं सगळंच तसं. आल्यापासून वर्षभरात तिला इथली थंडी आवडायला लागली. आमच्या गल्लीतली अमेरिकन आजी गावाला जाताना घराची किल्ली तिच्याकडे ठेवायची, माझ्याकडे नाही. मी खिडकीतून ती गुलाबी फुलं बघायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी मुलगी रिया म्हणायची, "मॉम, जस्ट आस्क हर व्हॉट शी डझ!" विचारणं म्हणजे हरणं, हे इथे जन्मलेल्या पोरीला काय कळणार.

बाबा गेल्यावर आई मिरजेला एकटी पडली, म्हणून गेल्या वर्षी मी तिला आग्रहानं सहा महिने बोलावून घेतलं. मेमध्ये ती आली. मी चौथ्यांदा निळी लिली आणून ठेवली होती, तिच्यासाठी. तिनं बघितली, पान उलटं करून पाहिलं, "छान आहे" म्हणाली. आणि आठ दिवसांत तिचा दुपारचा नेम ठरला. जेवण झालं की चपला घालायची आणि म्हणायची, "जरा शुभदाकडं जाऊन येते." मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचे. खिडकीतून दोघींची डोकी दिसायची, तळ्याकाठी वाकलेली, एकमेकींना लागलेली. माझ्या घरात जिना चढताना हिचे गुडघे दुखायचे आणि तिथे ही उकिडवी बसायची! मी कॅमेरा बंद करून बघत राहायचे. आईची मुलगी कोण, असा प्रश्न या वयात पडावा याची मला लाज वाटायची, पण पडायचा.

गणपतीत तर कहर झाला. आमच्या घरच्या गणपतीपुढे आईनं शुभदाच्या तळ्यातलं गुलाबी फूल वाहिलं. माझं निळं त्या दिवशी नेमकं मिटलेलं.

"गणपतीला लाल लागतं, हे गुलाबी चालत नाही," मी म्हणाले.

"देवाला काही त्रास नाही गं," आई शांतपणे म्हणाली, "तुलाच होतोय."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती परत निघाली. आदल्या दिवशी ती साड्यांच्या घड्या घालत असताना माझ्या तोंडून गेलंच, "सहा महिने तिच्याकडंच राहायला हवं होतंस." तिनं एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. एअरपोर्टवर व्हीलचेअरमध्ये बसल्यावर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी तो कोरडा होता. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना मी रडले, आणि त्याचाही दोष मनातल्या मनात शुभदाला दिला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी शुभदा सकाळी दारात उभी. केस विस्कटलेले, हातात किल्ली.

"मीनल, बाबांना स्ट्रोक आलाय यार. नवरा आणि मी, दोघंही निघतोय आत्ता. पॉन्डचं राहिलंच बघ या वर्षी. तू फक्त पानं कट कर आणि तिन्ही पॉट्स वरच्या पायरीवरून खाली डीप साइडला सोड. तिथपर्यंत बर्फ पोचत नाही. करशील ना?"

"अगं करते, तू नीघ," मी म्हणाले आणि तिला मिठीसुद्धा मारली.

मी ते केलं नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. दर एक-दोन दिवसांनी मी फाटक उघडून तिच्या तळ्यापाशी जायचे. तिन्ही कुंड्या तळ्यातल्या वरच्या पायरीवर, चार बोटं पाण्याखाली. हात घालून ढकलायच्या, एवढंच काम. मी उभी राहायचे आणि परत यायचे. मनात काय होतं ते लिहायला हात कचरतोय, तरी लिहिते: एक हिवाळा तिचंही जाऊ दे, मग कळेल. डिसेंबरात पाण्यावर पहिली काचेसारखी साय धरली, तरी मी उद्या बघू म्हणत राहिले.

मग एका शनिवारी सकाळी तिचा मेसेज आला. कडाक्याची थंडी येतेय, पाइप फुटतील, बेसमेंटमधला नळ थेंबथेंब चालू ठेव. मी गेले. नळाशेजारच्या फळीवर एक दह्याचा डबा होता. आमच्याच घरातला, आईनं धुऊन पुसून जपून ठेवलेल्यांपैकी. झाकणावर कागदी पट्टी, आणि पट्टीवर आईचं अक्षर: "मिनूचं निळं. वाळू कोरडी पडू देऊ नये." आत ओलसर वाळू होती आणि वाळूत अक्रोडाएवढे चार कंद.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून मिरजेला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"सापडलं होय," आई म्हणाली. "अगं, ते निळं थंडी पडली की वर काढून ठेवावं लागतं. गुलाबी तेवढं बर्फाखाली तळाशी जगतं. मला तरी कुठं ठाऊक? आपल्या हौदाला कधी थंडी वाजली का? शुभदाला रोज जाऊन विचारायचे, माझ्या मिनूचं का जगत नाही गं. तिनंच सगळं शिकवलं. तू ऑफिसात गेलीस तेव्हा काढले ते तुझ्या कुंडीतनं."

म्हणजे माझ्या तळ्याच्या तळाशी मी काळजीनं ठेवलेल्या कुंडीत नुसती माती होती, आणि मला पत्ताच नव्हता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तिच्याकडनं आलंय म्हटल्यावर डब्यासकट फेकलं असतंस."

फेकलं असतं. खरंच फेकलं असतं.

मी घरी पळाले, दोन पातेली पाणी तापवलं आणि शुभदाच्या तळ्यावरच्या बर्फावर हळूहळू ओतलं. मग बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घातले, काळी पडलेली पानं कापली, कुंड्या एकेक करून खाली सोडल्या. दोन कुंड्यांची माती अजून मऊ होती. तिसरी दगड झाली होती. हातांना तासभर संवेदना नव्हती. त्या दुपारी डब्यातल्या वाळूवर मी पाणी शिंपडलं, आणि मग दर शनिवारी शिंपडत गेले.

शुभदाचे बाबा जानेवारीत गेले. फेब्रुवारीच्या शेवटी ती परत आली. मी वरणभाताचा डबा घेऊन गेले आणि ती जेवत असतानाच सगळं सांगून टाकलं, कारण नंतर धीर झाला नसता. ती भात कालवत राहिली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "बॅकयार्डला कॅमेरा आहे ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबांच्या आयसीयूबाहेर बसलेली असायचे यार. फोनवर नोटिफिकेशन यायचं, बघायचे तर तू. येतेस, उभी राहतेस, जातेस. आधी कळेना, ही काही करत का नाही. मग राग आला. खूप आला. आणि मग एकदा तू चार दिवस आलीच नाहीस, तर आणखीच वाईट वाटलं. तिकडे बसून मला माझं घर दिसायचं ना. आणि घरात कुणीतरी असायचं." मग तिनं ताट पुढे सरकवलं. "भात वाढ अजून."

मेमध्ये तिच्या दोन गुलाबी वर आल्या. तिसरी आली नाही. माझ्या चार कंदांपैकी एक मी त्या कुंडीत लावून दिला, भरपाई म्हणून. आणि जुलैत निळं फूल आधी कुणाकडे फुललं असेल? तिच्याकडे, माझ्याआधी आठ दिवस. मी कुंपणावरून तोंड भरून कौतुक केलं आणि घरात येऊन भांडी आपटली.

या वर्षी निळ्यांचे कंद आम्ही दोघींनी मिळून काढले. एकाच डब्यात ठेवलेत, आईची पट्टी तशीच आहे. मी मिरजेला निघाले तेव्हा घराची किल्ली शुभदाकडे दिली. आणि हो, निघण्याआधी मी पण बॅकयार्डला कॅमेरा लावून घेतला.

हे लिहितेय ते हौदाच्या कट्ट्यावर बसून. संध्याकाळ आहे, आई साडी खोचून पानं काढतेय. मघाशी फोन थरथरला. स्क्रीनवर माझं बॅकयार्ड, तिथली सकाळ, आणि जाड कोट घातलेली शुभदा तळ्याकाठी उभी. काहीही न करता. तिनं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला आणि निघून गेली. ती गेल्यावरही मी ते चित्र बघत राहिले.

"काय बघतेस सारखं?" आईनं विचारलं.

"घर," मी म्हणाले.

आईचा हात पाण्यातच थांबला. मग तिनं नाक मुरडलं. "सतरा तास विमानात बसून आलीस ती माझ्या हौदापाशी बसायला, का त्या तिकडच्या डबक्याकडं बघायला?"

हा आवाज मी ओळखते. तो इतकी वर्षं माझाच होता. मी फोन उपडा ठेवला, ओढणी खोचली आणि तिच्या शेजारी बसून पानं काढायला लागले.