तब्येतमामांचं एक्स्टेन्शन

"कसं काय?" असं आपण एकमेकांना विचारतो तेव्हा उत्तराची अपेक्षा कुणाचीच नसते. माझ्या मामांना हे आयुष्यभर कळलं नाही. रस्त्यात कुणी "जयभीम मामा, कसं काय?" म्हटलं की ते जागच्या जागी थांबत, हातातली पिशवी खाली ठेवत आणि खरोखरच सांगायला लागत. सुरुवात डोक्यापासून. मानेपर्यंत येईस्तोवर समोरचा चुळबुळायला लागे. गुडघ्यापर्यंत टिकलेला माणूस मी तरी पाहिला नाही. संभाजीनगरात हडकोतल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते तब्येतमामा.

दिसायला मात्र गडी दौलताबादच्या बुरुजासारखा. बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले तेव्हाही सिलिंडर एका हातानं उचलून वरच्या मजल्यावर न्यायचे, आणि वर पोचल्यावर खुर्चीत कोसळून म्हणायचे, "वरून दिसतो तसा नाय मी. आतून पोखरलोय." मग दोन भाकरी, झुणका आणि वाटीभर ठेचा. जेवताना पोखरलेल्या भागांना थोडा आराम मिळत असावा.

त्यांचा एक सिद्धांत होता. "पोरी, शरीर सारखं बोलत असतं. लोक ऐकत नाय, म्हणून पटकन मरतात." त्यांचं शरीर फारच बोलकं होतं. सकाळी उजवा खांदा, दुपारी पोटाची डावी बाजू, संध्याकाळी 'एक असं काहीतरी इथून तिथं जातं'. हे जाणारं काहीतरी शोधायला ते आठवड्यातून एकदा आमच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचे. तिथं समाधान झालं नाही तर शहागंजमध्ये जडीबुटी विकणाऱ्या चाचाकडं. चाचा त्यांची नाडी धरून बराच वेळ डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, "मामू, तुमकू कुछ नै हुआ. खाली घर जाके सो जाव." मामा घरी येऊन सांगायचे, चाचाला आता ऐकू कमी येतं.

मामी कन्नड तालुक्यातली. अंगानं काटकुळी, कायम कशाच्या तरी मागे लागलेली. तिला कधी ताप आल्याचं कुणाला आठवत नाही. मामांना काढा, मामांना शेक, मामांच्या पायाला तेल, यात तिची सगळी वर्षं गेली. मी एकदा तिला विचारलं, "मामी, तुझं कधी काही दुखत नाही का गं?" ती भांडी घासता घासता म्हणाली, "एका घरात किती जणांनी दुखायचं?"

निवृत्तीनंतर विहारातल्या मंडळींची थायलंडची सहल निघाली. बुद्धमंदिरं बघायची, भंतेजींना भेटायचं, परत यायचं. मामा औषधांची वेगळी बॅग घेऊन गेले. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात मुक्काम पडला आणि तिथं चमत्कार झाला. मामांचं काहीच दुखेना. हवेनं म्हणा, पाण्यानं म्हणा. मला वाटतं, तिथं त्यांची भाषा कुणाला कळत नव्हती. कंबरेला हात लावून ते एका औषधाच्या दुकानात शिरले, तर दुकानदारीण गोड हसली, हातावर बामची डबी ठेवली आणि दोन्ही हात जोडून मोकळी झाली. पुढं सांगायला वावच नाही. दोन दिवसांत मामा हैराण, चौथ्या दिवशी बरे.

पण तिथं राहायचं ठरलं ते त्यांच्या कंबरेमुळं नाही. ते कारण मामांनी मला फार नंतर, चहा पिताना सांगितलं. "तुझी मामी तिकडं पहाटे उठून भिक्खूंना भात वाढायला रस्त्यावर बसायची. शेजारी तिकडच्या बाया. हिला त्यांचं कळत नाय, त्यांना हिचं कळत नाय. आणि ही हसायची. इथं हसत नव्हती असं नाय म्हणत मी. पण आवाज करून नाय."

त्यांनी दौलताबाद रोडवरचा प्लॉट विकला, पैसे तिकडच्या नियमाप्रमाणं बँकेत ठेवले, आणि निवृत्त लोकांना मिळतो तो एक वर्षाचा व्हिसा काढून दोघं गेले. आमच्या घरात सगळे म्हणाले, महिन्यात परत येतील. महिन्यानं मामीचा फोटो आला. मामी सायकलवर! पदर कंबरेला खोचलेला, तोंडावर अशी दहशत की सायकलच तिला कुठंतरी पळवून नेतेय. त्यानंतर कुणी काही म्हणालं नाही.

अर्धं वर्ष सरलं तशी मुदतवाढीची गोष्ट निघाली. मामा तिला एक्स्टेन्शन म्हणायचे, कारण बँकेत हा शब्द त्यांना फार आवडायचा. एक्स्टेन्शनला बाकीच्या कागदांबरोबर आरोग्यविमा लागतो. परदेशी म्हातारा आजारी पडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, अशी त्या सरकारची सरळ शंका. पहिल्या वर्षीचा विमा एजंटनं परस्पर काढून दिला होता, फॉर्मही त्यानंच भरला होता. या वेळी मामा म्हणाले, मी बँकेतला माणूस, माझा फॉर्म मी भरणार.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. आपल्याला सध्या किंवा पूर्वी कोणता आजार, वेदना अथवा तक्रार आहे किंवा होती काय? असल्यास तपशील द्यावा.

अख्ख्या आयुष्यात मामांना हा प्रश्न इतक्या मनापासून कुणी विचारला नव्हता. त्यांनी जादा कागद जोडले. आकृती काढली. त्या इथून तिथं जाणाऱ्या गोष्टीचा मार्ग बाणानं दाखवला. मामीच्या फॉर्मवर त्यांनीच एका शब्दात लिहिलं : नाही.

विमा कंपनीचं उत्तर सभ्य होतं, पण घाबरलेलं होतं. इतक्या तक्रारी असलेला माणूस हयात कसा, असं त्यांनी विचारलं नाही एवढंच. दोघांचीही पूर्ण तपासणी करून, नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला जोडून पाठवा, मग बघू. मुदत संपायला अजून पाच-सहा महिने होते. थायलंडला परत जाण्याची परवानगी काढून दोघं संभाजीनगरला आले आणि मामांनी तो जाडजूड गठ्ठा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी आकृती उभी-आडवी धरून पाहिली. "मामा, हे तुम्ही कंपनीला पाठवलंत?"

"खोटं कसं लिहायचं?"

"अहो, मी इतकी वर्षं तुम्हाला काय देते माहितीये? बी-कॉम्प्लेक्स."

मामांचा चेहरा असा झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

मग रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. रिपोर्ट घेऊन मामा घरी आले ते तसेच कोचावर बसले. मामी पाणी घेऊन धावली. "काय निघालं?"

"नॉर्मल," मामा म्हणाले. "सगळं नॉर्मल. काळीजसुद्धा."

"बरं झालं की वो!"

"काय बरं झालं? मग इतकी वर्षं मी काय केलं?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबवाल्याला फोन करून विचारलं की नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना. झाली नव्हती. लॅबवाला म्हणाला, पण काका, तुमच्या मिसेसचा रिपोर्ट आलाय, तो जरा लवकर डॉक्टरांना दाखवा.

मामीची शुगर इतकी वाढलेली होती की डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला. बीपीही जास्त. "चक्कर येते का? तहान लागते का? पायाला मुंग्या?" बाई विचारत गेल्या आणि मामी प्रत्येकाला मान हलवत गेली. व्हय. व्हय. लई दिवसांपासून. मामा शेजारी बसून तिच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "आगं, मग सांगितलं का नाय?"

मामी म्हणाली, "तुम्ही बोलत होते."

कंपनीचं पत्र आठ दिवसांत आलं. मामांना विमा मंजूर. मामींना सध्या देता येत नाही. शुगर आटोक्यात आल्याचा रिपोर्ट पाठवल्यास पुन्हा विचार करू. मामीनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही जा. तिकडं तुम्हाला मानवतं. मी राहते इथं."

"मी एकटा तिकडं जाऊन काय करू?" मामा ओरडले. "भात कोण वाढील? मी वाढला तर ते भिक्खू पळून जातील."

आणि मग मामा उठले. आजारपणाच्या धंद्यात त्यांनी जन्म घालवला होता. पथ्य काय, फेरी किती, कुठल्या भाजीनं काय होतं, सगळं तोंडपाठ होतं, फक्त लावायला खरा रोगी मिळाला नव्हता. पहाटे मामीला उठवून ते सिडकोच्या बागेत न्यायचे आणि पुढं स्वतः उलटं चालत, "हात हलव, हात!" करायचे. एकदा असेच उलटे चालत ते योगासनं करणाऱ्या एका मंडळावर जाऊन पडले. मामी बाकावर बसून हसली. आवाज करून.

गूळ घरातून गेला. साखर माझ्याकडं ठेवायला दिली. मामी गरीब वाटते, पण गोडाच्या बाबतीत अट्टल निघाली. शहागंजची इमरती तिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. मामांना वास आला. तांदूळ अख्ख्या स्वयंपाकघरात सांडला, इमरती सापडली, आणि मी दारातून बघते तर मामा ती हातात धरून उभे. "ही कुणाची?" मामी शांतपणे म्हणाली, "तांदळात किडा लागू नये म्हणून ठेवतात." मामांनी ती जप्त करून माझ्यासमोर खाल्ली. पुरावा नष्ट करायला पाहिजे म्हणाले.

एका दुपारी मी गेले तर मामी कपाळ दाबून बसलेली. "डोकं जरा दुखतंय," ती हळूच म्हणाली, कुणाची तरी वस्तू न विचारता घेतल्यासारखी. मामांनी पेपर बाजूला टाकला, खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसले. "सांग. ठणकतं का टोचतं? एकीकडंच का सगळीकडं? उजेडानं वाढतं का?" मामी आधी लाजली. मग सांगायला लागली. डोक्यावरून मानेवर आली, मानेवरून खांद्यावर. मामा मध्ये एकदाही म्हणाले नाहीत की मला पण तसंच होतं. चहा ठेवायला मी आत गेले, गाळून बाहेर आले, तरी ती सांगतच होती. गुडघ्यांवर आली होती. मामा ऐकत होते.

तीन महिन्यांची सरासरी शुगर पुन्हा तपासली तेव्हा आकडा बराच खाली उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला. कंपनी म्हणाली, मधुमेहाचा खर्च वगळून विमा देऊ, आधी दोघांशी फोनवर बोलायचं आहे. मी मामांना आठवडाभर आधी पढवलं. रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हीही नॉर्मल आहात, तेवढंच सांगायचं.

फोन आला. मामीचं मी इंग्रजीत सांगितलं. मग मामांची पाळी. पलीकडची मुलगी जुन्या फॉर्ममधली एकेक तक्रार वाचत होती आणि मामा घामाघूम होऊन "नो, मॅडम... नो, मॅडम" म्हणत होते. त्या बाणाशी ती अडखळली. मामा म्हणाले, "दॅट वॉज गॅस." मला वाटलं संपलं. तेवढ्यात ती मुलगी सहज, लाघवीपणानं म्हणाली, "अँड हाऊ आर यू टुडे, सर?"

मामांचा हात आपोआप डोक्याकडं निघाला होता. त्यांनी मामीकडं पाहिलं. हात खाली घेतला.

"नो कंप्लेंट, मॅडम," मामा म्हणाले. "काइंडली डू द नीडफुल."

फोन ठेवला आणि ते दिवाणावर आडवे झाले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. एवढं मोठं काम त्यांनी बँकेतसुद्धा केलं नव्हतं.

दोघं गेले. एक्स्टेन्शन मिळालं, पुढच्या वर्षी पुन्हा मिळालं. फोनवर मामा आता मामीची शुगर सांगायचे, तिची झोप, तिचे पाय, अगदी तपशिलात. स्वतःचं विचारलं तर म्हणायचे, "माझं राहू दे गं, बिल वाढतं."

मागच्या उन्हाळ्यात मामीचाच फोन आला. मामा दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मी रडत विचारलं, त्रास झाला का गं त्यांना? "नाय," मामी म्हणाली. "झाला असता तर सांगितला असता त्यांनी."

घरच्यांनी ठरवलं, मामीला आता घेऊन यायचं. परतीची दोघींची तिकिटं काढून मी गेले. पोचल्यावर तिनं मला जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर बसवून सरकारी कचेरीत नेलं. विम्याचा कागद, बँकेचा कागद, फोटो, सगळं तिनं स्वतः लावून ठेवलं होतं. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं मुदतवाढीचा शिक्का मारला. मामीनं हात जोडले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "तू आलीस, लई बरं वाटलं. चार दिवस राहा, मग जा."

चार दिवसांनी मी निघाले. विमानात माझ्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. हवाईसुंदरीनं यादी बघून विचारलं, "इथं कुणी यायचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं एक्स्टेन्शन झालंय."