निघालेल्या माणसाला काय विचारायचं?

पडेगावात मी बायकांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग घेते. आज 'आयएनजी'ची वाक्यं होती. सविताला दाराकडं चालायला सांगितलं आणि मंगलकाकूंना म्हटलं, "आता तिला विचारा, व्हेअर आर यू गोइंग?"

काकूंनी नुसती मान हलवली. मला वाटलं, वाक्य विसरल्या.

"वाक्य येतंय मॅडम. पण निघालेल्या माणसाला कुठं चालली म्हणून विचारू नाय. आन् ही तर आज खरंच चाललीय."

सविताची शेंद्र्याला एका कंपनीत मुलाखत होती, आयुष्यातली पहिली. वर्गातून ती तशीच निघणार होती.

मी वर्षानुवर्षं हेच वाक्य शिकवतेय, त्यामुळं जरा वैतागलेच. "मग काय विचारणार?"

काकू सविताकडं वळल्या. "सविता, व्हेन आर यू कमिंग?"

"संध्याकाळी, काकू," म्हणत सविता हसत बाहेर पडली. मी फळ्यावरचं वाक्य पुसून काकूंचं लिहिलं.

आत्ता काकूंचा फोन आला होता. नोकरीचं उद्या कळणार आहे. पण बसमधून उतरल्या उतरल्या सविताचा त्यांना फोन, "काकू, आय एम कमिंग."

तुमच्या घरी निघालेल्या माणसाला काय विचारतात? की काहीच न विचारता दारात उभं राहतात?