टीव्हीच्या मागचा हात

मी सातवी नापास. कॉम्प्युटरमधलं मले काय समजते? पण बायको जाऊन वर्ष झालं, आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो की त्या यंत्राचा रविवारच आधी समोर येतो.

आम्ही कोहक्यात राहायचो. मी हथखोजच्या एका कारखान्यात बिजलीचं काम करायचो. तिथं माझा जोडीदार तार जोडत असताना कोणीतरी न विचारता फ्यूज परत लावला. तो तारेला चिकटला अन् तिथंच गेला. मी चार हातांवर होतो. तेव्हापासून माझा नियम एकच. तारेला हात लावायचा तर आधी फ्यूज काढायचा अन् स्वतःच्या खिशात ठेवायचा. घरी बल्ब बदलायचा तरी तसंच. बायको पाहुण्यांना सांगायची, मांडवात लायटिंग होती म्हणून हे स्वतःच्या लग्नाला यायलेच भीत होते.

पोरगी कॉलेजात होती. कॉलेजचं एक यंत्र पाच मुलींत आळीपाळीने फिरायचं. तिची पाळी त्या एका रविवारची. संध्याकाळी मैत्रीण येऊन नेणार होती. नुसत्या बटनांची पाटी, पडदा नाहीच. अँटेनाच्या जागी त्याची तार लावायची अन् अक्षरं टीव्हीवर पाहायची. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन घरी होतो. फ्यूज काढून तार लावून दिली. फ्यूज परत लावला तर आधी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. पोरीने चॅनलचा खटका एकेक घर फिरवला, तेव्हा अक्षरं आली. ती वहीतून पाहून टाइप करत बसली.

दुपारी टीव्ही तापला अन् अक्षरांचं सगळं पान वर पळायला लागलं. तिनं आईला हाक मारली. मी न्हाणीतून आलो तर बायकोचा हात कोपरापर्यंत चालू टीव्हीच्या मागे. मी विचार केलाच नाही. धावलो अन् फ्यूज उपसला.

पंखा थांबला. पोरीचे हात बटनांवर तसेच.

"बाबा, तीन घंट्यांचं गेलं," ती म्हणाली.

करंट गेला की ते यंत्र सगळं विसरते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. यंत्राला टेपरेकॉर्डर जोडून लिहिलेलं टेपवर उतरवलं की टिकते, तेच राहून गेलं होतं. मी बायकोवरच घसरलो. मरायचं आहे का, कावून हात घातला?

"मागं गुंडी आहे, ती फिरवली की चित्र थांबते. दर रविवारी टीव्ही पाहताना फिरवते मी. तुमी ड्यूटीवर राहता, म्हणून दिसत नाही."

किती रविवार झाले असतील? बंद करून फिरव, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, बंद टीव्हीत चित्र थांबलं का पळालं, कसं दिसंन? मी फ्यूज परत लावला.

पोरगी पहिल्या ओळीपासून पुन्हा बसली. जेवलीही नाही. पाच वाजता थोड्याच ओळी उरल्या अन् पान पुन्हा पळालं. बायको उठली. मी बोर्डाजवळ फ्यूजवर हात ठेवून उभा होतो.

"तिथून हटा," ती म्हणाली. "तुमचा हात पाहून माझा हात हलून राहिला."

मी स्वयंपाकघरातून लाकडी पाट आणला. यावर उभी राहा, करंट जमिनीत उतरणार नाही.

"आता हळद लावता का?" असं म्हणून ती हसली, पण पाटावर चढली.

मी खाटेवर बसलो अन् दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. अक्षरं हळू झाली, थांबली. गुंडी ढिली होती, सोडली की पळायची. म्हणून ती धरूनच उभी राहिली. पोरगी टाइप करत होती. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. बायकोच्या मानेकडे पाहत होतो. जोडीदार तारेला चिकटला तेव्हा त्याची मान आधी ताठ झाली होती. तिनं एकदा अंग हलवलं तर माझ्या तोंडातून आवाज निघाला. नुसता पाय बदलला होता तिनं.

मग टेप किरकिरला, बराच वेळ. पोरीने पुन्हा वाजवून पाहिला अन् म्हणाली, उतरलं.

बायकोनं हात बाहेर काढला. मी उठून तो धरला, बोटं एकेक उघडून पाहिली. कोपरापर्यंत धूळ होती, बाकी काही नाही. पोरीसमोर मी तिचा हात कधी धरला नव्हता. तिनं सोडवून घेतला नाही.

"थरथर तर तुमी करून राहिले," एवढंच म्हणाली.