दोरा निसटला होता

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे खात्रीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चपखल बसलं होतं. अमुक गाडीला उशीर आहे असा निरोप आला, की दुसरी कुणी माइक ओढून सांगून मोकळी झाली असती. ह्या मात्र निरोप देणाऱ्याला उलटा फोन करणार, मग गाडी जिथून सुटली तिथे विचारणार, आणि तोवर कधीकधी गाडीच फलाटाला लागलेली असायची. चालक वैतागायचे. घरी नवऱ्याचं तेच रडगाणं. "हिला भाजी करपल्याचा वास आला, तरी ही आधी शेजारणीला विचारून येईल," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि बाई सगळ्यांबरोबर हसायच्या.

हसण्यासारखं होतंच म्हणा. पण स्वतःच्या कानांवर भरवसा नाही आणि नोकरी कानांचीच, असं आयुष्य काढणं ही काही गंमत नव्हे. हे खूळ त्यांच्या डोक्यात चौथीत असताना शिरलं, एका सकाळी, शाळेच्या पायरीवर.

त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान शाळेच्या वाटेवरच, एका सायकलवाल्याच्या आणि एका न्हाव्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांची एक रीत होती. दुरुस्त केलेला सेट ते लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. रात्री घरी आणत आणि सकाळी उठल्याउठल्या चालू करत. रात्रभर गार पडलेला सेट सकाळी नीट बोलला, तरच तो बरा झाला असं ते मानायचे. त्यामुळे ह्या घरात रोज नवा पाहुणा असायचा, कधी घोगरा, कधी चिरक्या आवाजाचा, कधी मध्येच दम लागणारा. आई करवादायची, "जगातले सगळे आजारी रेडिओ माझ्याच ओट्याजवळ आणून ठेवा."

मुलीला मात्र त्याचा फायदा झाला. शाळेत प्रार्थनेनंतर एका मुलाने पायरीवर उभं राहून आजच्या बातम्या सांगायची पद्धत होती. जिच्या घरी रोज सकाळी रेडिओ लागतो तीच मुलगी सांगेल, असं वर्गशिक्षिकेने ठरवलं आणि ते काम तिच्याकडे आलं. वेणी घालून घेताना ती कान टवकारून ऐकायची आणि शाळेपर्यंत मनात घोकत जायची. सगळी शाळा, अगदी हेडमास्तरसुद्धा, तेवढा वेळ आपलं ऐकतात याचा तिला केवढा तोरा होता. मुली तिला बातमीदारीण म्हणायच्या आणि तिला ते मनापासून आवडायचं.

त्या सकाळी वडील आंघोळीला गेले होते आणि आई पाणी भरत होती. रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं. निवेदकाचा आवाज आला, पण रोजचा नव्हे, थरथरणारा. राष्ट्राध्यक्षांची आज सकाळी गोळ्या झाडून हत्या झाली, एवढंच तो म्हणाला. मग तारवाद्याची एक संथ, रडवी धून सुरू झाली.

वडील टॉवेल गुंडाळून बाहेर आले. ती म्हणाली, "बाबा, राष्ट्राध्यक्षांना मारलं म्हणाले."

"नाटक लागलं असेल," वडील म्हणाले आणि त्यांनी बटण फिरवलं. काटा सरकला, धून तीच. पुन्हा फिरवलं, काटा दुसऱ्या टोकाला गेला, धून तीच. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. "आयला, काट्याचा दोरा निसटला वाटतं. काटा फिरतोय आणि स्टेशन हलत नाही." त्यांनी रेडिओ बंद केला, उलटा केला आणि मागचे स्क्रू काढायला घेतले.

सगळ्या स्टेशनांवर एकच धून लागते असा दिवस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. रेडिओवाल्याला दोष रेडिओतच दिसणार. पुढे घरात ही गोष्ट चेष्टेची झाली, देश रडत होता आणि आमचे बाबा पेचकस घेऊन त्याला दुरुस्त करायला बसले होते, अशी. पण ते पुष्कळ नंतर.

ती शाळेत गेली. सांगायला दुसरं काही नव्हतं, आणि तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. प्रार्थना संपली. पायरीवर उभं राहून तिने ऐकलं तसंच, त्याच शब्दांत सांगितलं.

आधी कुणी हललंच नाही. मग मागे कुठेतरी एक मुलगा घाबरून फिसकन हसला. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिचा दंड धरला. "कुणी शिकवलं तुला हे? असं बोलल्यावर पोलीस घरी येतात, कळतं का तुला?" एकही मूल जागेवरून हलायचं नाही असं बजावून त्यांनी कवायतीच्या मास्तरांना सायकलवर पिटाळलं, तिच्या वडिलांना आणायला. मुलं रांगेतच उभी. ती पायरीवर. उन्हाने फरशी तापली, पण तिचे पाय गार पडले होते. बाबा येतील आणि सांगतील, एवढ्या एका विचारावर ती उभी होती.

वडील आले. खिशात पेचकस तसाच होता. हेडमास्तरांनी विचारलं, "तुमची मुलगी काय सांगतेय, माहीत आहे? पोलीस येतील तुमच्या घरी."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "सेट बिघडलेला आहे सर. दोरा निसटलाय. पोरीने काहीतरी अर्धवट ऐकलं असेल."

"मग तिने खोटं सांगितलं."

वडील तिच्याकडे वाकले. मग हळूच तिला म्हणाले, "म्हण पोरी. म्हणून टाक."

सगळ्या शाळेसमोर ती म्हणाली, "मी खोटं बोलले."

मधल्या सुट्टीच्या आधीच पुन्हा घंटा झाली. सगळ्यांना पुन्हा मैदानात उभं केलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि सांगितलं. जवळजवळ तिचेच शब्द. शिक्षिका पदराने तोंड झाकून रडत होत्या, मोठ्या वर्गातली मुलंसुद्धा रडत होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. हेडमास्तरांनी तर नाहीच. फक्त मागच्या मुलीने तिची वेणी ओढून विचारलं, "तुला आधीच कसं कळलं गं?"

त्या प्रश्नाने घात केला. बातमी खरी ठरली म्हणून तिचा खोटेपणा पुसला जायला हवा होता. झालं उलटंच. ती बोलली आणि तसं घडलं, असं मुलींनी ठरवून टाकलं आणि बातमीदारिणीची काळ्या जिभेची, काळजिभी झाली. शेजारच्या घरी तान्हं बाळ तापाने फणफणलं, तेव्हा ती नुसती विचारायला गेली तर बाळाच्या आईने दार लावून घेतलं. बातम्या सांगायचं काम दुसऱ्या मुलीकडे गेलं. ती वर्गात तोंड उघडेनाशी झाली. काही ऐकलं की तिला वाटायचं, ऐकलं खरं, पण नक्की का?

वडिलांना तिने कधी दोष दिला नाही. त्यांना खरंच वाटलं होतं दोरा निसटलाय, ते चुकले, पण मनापासून चुकले. मनापासून चुकणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? या एका समजुतीवर तिने सगळं निभावलं. आई गेल्यावर वडिलांना स्वतःच्या घरी आणलं, मागची खोली दिली, त्यांचे जुने सेट मांडायला फळी ठोकून दिली. वडील आता ठार बहिरे व्हायच्या बेतात होते आणि बोलायचे ते चार घरांना ऐकू जाईल असं. "हळू बाबा, हळू," हे बाईंच्या तोंडी दिवसातून कितीदा यायचं त्याची मोजदाद नव्हती.

मग बाई निवृत्त झाल्या. चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत निरोपाचा लहानसा कार्यक्रम झाला. आगाराचे साहेब म्हणाले, ह्यांच्या तोंडून आजवर एकही चुकीची सूचना गेली नाही. कुणीतरी आग्रह केला आणि बाईंनी रेडिओची गोष्ट सांगितली, नेहमीची, हसवणारी. लोक हसले. चहा पिताना मग जो तो त्या दिवशी आपण कुठे होतो ते सांगू लागला.

स्थानकासमोर दुकान थाटलेला म्हातारा न्हावीही आला होता. तोच तो, वडिलांच्या दुकानाशेजारचा. तो म्हणाला, "मी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली होती. रेडिओवर पुन्हा सांगितलं तसा वस्तरा हातात तसाच राहिला. तुझे बाबा दारातच होते की."

"कुठल्या दारात, काका?"

"आमच्याच. त्या कवायतीच्या मास्तराच्या सायकलची हवा गेली होती. तो शेजारी हवा भरत बसला आणि तुझे बाबा माझ्या दारात थांबले. सगळं ऐकलं त्यांनी. मी बसा म्हणालो, तर म्हणाले, पोरीच्या शाळेत जायचंय."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी न्हाव्याला तेच पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा विचारलं. म्हाताऱ्याला वाटलं बाईंना कमी ऐकू येतंय, त्याने मोठ्याने सांगितलं. शब्द बदलले नाहीत.

घरी आल्या तेव्हा हातात हार आणि नारळ तसेच होते. वडील फळीसमोर बसून एका सेटवरची धूळ पुसत होते. बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"बाबा, शाळेत यायच्या आधी न्हाव्याच्या दुकानात बातमी ऐकली होतीत तुम्ही?"

"काय? पाणी? नको."

हे नेहमीचं होतं. नको ते त्यांना कधीच ऐकू यायचं नाही. एरवी बाईंनी सोडून दिलं असतं. आज त्यांनी वडिलांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि ओरडून विचारलं. ओरडल्या म्हणजे अशा, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

वडिलांची मान खाली गेली. "ऐकली होती," ते म्हणाले.

"मग?"

"पोलीस येतील म्हणाले गं हेडमास्तर. आपलं घर, माझं दुकान, सगळं डोळ्यांसमोर आलं. जीभच वळेना. म्हटलं, तासाभरात सगळ्यांना कळेलच. मग आपोआप तुझं खरं ठरेल."

"नाही ठरलं बाबा. मला काळजिभी म्हणायचे." बाईंना राग आला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, स्वच्छ राग. "मला वाटायचं तुम्ही चुकलात. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला माहीत होतं आणि तरी मला म्हणायला लावलंत. मी जन्मभर माझ्याच कानांना खोटं पाडत आले."

 वडील समोरच्या सेटचं बटण उगाच फिरवत राहिले. काटा इकडून तिकडे जात होता.

"आता तुम्ही म्हणा," बाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं, हेही ऐकू आलं नाही असं करतील. पण वडील फळीला धरून उठले. मान ताठ करून उभे राहिले, शाळेतली मुलं राहतात तसे, आणि स्वतःच्या बहिऱ्या कानांनाही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "दोरा जागेवर होता. माझी पोर खरं बोलली होती."

समोरची खिडकी उघडीच होती. जिन्यात कुणीतरी चढता चढता थांबलं. दारात नवरा येऊन उभा राहिला होता.

वडिलांनी तेच पुन्हा सांगितलं, पहिल्याहून मोठ्याने. बाई त्यांना हळू बोला म्हणाल्या नाहीत.