दातांआडचा अल्बम

वर्षातल्या चांगल्या अल्बमांना नंबर लावायचा उद्योग मी आणि माझा मावसभाऊ दर डिसेंबरात करतो. फक्त सोल आणि हिप हॉप. ब्रह्मपुरीत ह्या दोन शब्दांचं कोणाला काही पडलेलं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी इअरफोन लावून बसले की सगळ्यांना वाटतं, बाई प्रवचन ऐकतात. मी तो गैरसमज दूर करत नाही. केला तर म्हणतील "जरा ऐकवा की", आणि पहिल्याच शिवीला कोणाचा तरी चहा सांडेल.

भाऊ माझ्याहून मोठा, भद्रावतीकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. हे वेड त्यानेच मला लावलं. मी शाळेत असताना त्याला विचारलं होतं, सोल म्हणजे काय? तो म्हणाला, "माय विहारात भीमगीत म्हणते ना, शेवटच्या कडव्याले तिचा गळा भरून येते, आन तरी सूर नाई सोडत. तेच." एवढं सोपं करून मला पुढे कोणीही सांगितलं नाही.

तर यंदाचं सांगते. पाचवा नंबर एका म्हाताऱ्या अमेरिकन सोल गायकाचा. आवाज पार फाटलाय, पण फाटका आवाज कुठे लावायचा हे त्याला कळतं. चौथ्यावर लंडनची एक पोरगी आहे. अर्ध्या गाण्यांत ती आईशी भांडते आणि उरलेल्यांत तिचीच माफी मागते. तिसरा नंबर मुंबईच्या एका रॅपरला नाइलाजाने द्यावा लागला. माणूस स्वतःची टिमकी फार वाजवतो, पण बापाच्या सुटलेल्या नोकरीवर त्याचं एक गाणं आहे, ते ऐकताना माझी चंद्रपूरची एसटी समोरून निघून गेली. दुसऱ्यावर अटलांटाच्या एका बाईचा अल्बम, त्यात नवऱ्याच्या मयतीनंतरचं घर आहे. मला तो सलग ऐकवला नाही.

खरं घोडं पेंड खातं ते पहिल्या नंबरावर. यंदा भाऊचा स्वतःचा अल्बम आला. चंद्रपुरातल्या एका दोस्ताच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेला. सगळा आपल्या बोलीत, मले, तुले, काऊन. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी कोळशाची भुकटी, ब्लास्टिंगने चिरलेली भिंत, डंपरमध्ये शेजारी कोणी नसताना स्वतःशीच चाललेलं बोलणं. आणि ते म्हणण्याची तऱ्हा! शब्द आवळलेल्या दातांमधून यायचे, दबके, अर्धे गिळलेले. बाकीचे रॅपर बोंबलत असताना हा माणूस राग तोंडातच धरून ठेवतोय असं वाटायचं. ऐकणारे खूश झाले. पोरं दात आवळून त्याची नक्कल करायला लागली. मी फोनवर विचारलं, "भाऊ, ही स्टाईल कुठून आणली?" तो हसला. "आणली कायची? येऊन राह्यलं तसं म्हणून राह्यलो."

हे कोणाच्याच ध्यानात कसं आलं नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या जिल्ह्यात खर्रा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. पानठेल्यावर, ऑफिसात, मयतीतसुद्धा. खर्रा तोंडात असला की माणूस हनुवटी वर करतो आणि ओठ न उघडता बोलतो. आम्हाला ते बोलणं पाळण्यापासून कळतं. अर्ध्या तोंडाने बोलणारा माणूस आमच्या लेखी धडधाकट. नागपूर ओलांडून कोणी हा अल्बम ऐकला असता, तर त्याने पहिल्याच गाण्याला विचारलं असतं, ह्याच्या तोंडाला काय झालंय?

ते आम्हाला कळलं एका लग्नाच्या पंगतीत. भाऊ लाडवाचा चुरा करून बोटाने आत ढकलत होता. मी म्हटलं, "तोंड उघड बरं." त्याने उघडलं. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात. खर्ऱ्याने आखडलेल्या त्याच्या तोंडात एक कसंबसं गेलं. गालाच्या आत एक जखम होती. ती त्याने दाताने चावलेली समजून सोडून दिली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. जबड्याचा तुकडा काढावा लागेल, आणि जीभ किती जाईल ते उघडल्यावरच कळेल. भाऊने ह्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. वॉर्डात मला म्हणाला, "तोंड मोकळं झालं का पुरा अल्बम पुन्हा म्हणतो. खुल्या तोंडानं. मंग पाहजो." मला त्याच्यावर संताप आला, त्या पानठेल्यांवर आला, आणि बाहेर जिन्यात खर्रा थुंकणाऱ्या त्याच्या दोस्ताला तर मी शिव्याच घातल्या.

जीभ बरीच गेली. आता तो बोलतो, पण शब्द कळत नाहीत. फक्त मावशीला कळतं. लेकराचं बोबडं बोलणं आईला कळतं तसं ती ओळखते आणि आम्हाला सांगते.

परवा भद्रावतीला गेले. बाकीचे नंबर त्याला ऐकवले. लंडनच्या पोरीवरून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा बरं वाटलं. मग म्हटलं, पहिला नंबर तुझा, आणि हे मी दयेपोटी करत नाहीये. त्याने मोबाइल ओढून घेतला आणि टाइप केलं, "माहा अल्बम काढून टाक. त्याच्यात मी नाई. खर्रा बोलून राह्यला."

मी भांडले. चांगलं ते चांगलंच, कसंही आलेलं असो, असं बरंच काही बोलले. तो ऐकेना. खुर्चीत सरळ बसला, हाताने मांडीवर ठेका धरला आणि पहिलंच गाणं म्हणायला लागला. तोंड आता चांगलं उघडत होतं. मान हलत होती, ठेका कुठे चुकला नाही, कडवं मोठ्या आवाजात शेवटापर्यंत गेलं. मला एक शब्द कळला नाही. गाणं पाठ असूनही कळला नाही.

तो घामाघूम होऊन थांबला आणि मावशीकडे बघायला लागला, नेहमीसारखं तिने आम्हाला सांगावं म्हणून. मीही तिच्याकडे बघितलं.

मावशी दाराची चौकट धरून उभी होती. म्हणाली, "मलेबी नाई समजलं, बाबू."