नकाराचं बटण

आमच्या पोवार समाजात स्थळाला नकार देत नाहीत. म्हणजे देतात, पण तोंडाने नाही. 'पाहू' म्हणतात. पोरीचा मामा बाहेरगावी गेला आहे, धानाची कापणी होऊ द्या, फुफाजींना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, विचारून सांगतो, असं म्हणत सहा-आठ महिने काढतात आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं असतं. माझा गोंदियात लग्नपत्रिकांचा छापखाना आहे, त्यामुळे या 'पाहू'चा मला फार राग. सरळ नकार मिळाला तर माणूस दुसरीकडे जातो, जमवतो आणि पत्रिका छापायला माझ्याकडे येतो. 'पाहू' ऐकलेला माणूस कुठेच जात नाही.

छापखान्याच्या वरच्या खोलीत संजू बिसेनचं संगणकाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे चार टेबलं, एक इन्व्हर्टर आणि रविता पटले. बाकीची पोरं येतात, शिकतात आणि नागपूरला पळतात. रविता उलटी आली. नागपूरला शिकली, पुण्याला नोकरी केली आणि आई वारल्यावर बाबूजी एकटे पडले म्हणून दवनीवाड्याला परतली. रोज स्कूटीने गोंदियाला येते. चपला दाराशी काढून खुर्चीवर मांडी घालून बसते आणि दुपारपर्यंत उठत नाही. वय बत्तीस. हे ती कुणी विचारायच्या आधी स्वतःच सांगते, म्हणजे विचारणाऱ्याची पंचाईत होत नाही.

बोलते कमी, पण बोलते तेव्हा आडपडदा नाही. एकदा माझी नवीकोरी पत्रिका हातात घेऊन म्हणाली, "काकाजी, हे अक्षर कायले वापरता? नवरदेवाचं नाव वाचताच नाई येत." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग अक्षर बदललं.

समाजाच्या परिचय मेळाव्याची वेबसाइट तिनेच बनवली. मी कमिटीत असल्यामुळे हे काम संजूकडे मीच आणलं होतं. मुला-मुलींची माहिती त्यावर असते. एकाच कुळातली असतील तर प्रस्ताव पुढे जातच नाही. कूळ वेगळं असेल आणि स्थळ पसंत असेल तर प्रस्ताव पाठवायचा, आणि समोरच्याने 'होकार' किंवा 'नकार' असं बटण दाबायचं. उत्तर आलं की दुसऱ्या घरच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. दोन वर्षांत होकाराचं बटण पुष्कळांनी दाबलं. नकाराचं एकानेही नाही. लेखी नकार देऊन वाईट कोण होणार? प्रस्ताव आपले उत्तराविना पडून राहायचे.

त्यात एक प्रस्ताव रविताचाही होता. तिचे बाबूजी दुर्गाप्रसाद यांनी देवरीच्या तिलक टेंभरेकडे पाठवला होता. तिलक तिकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. दोन्ही घरची माणसं नवेगावबांध इथे भेटली, आणि मोठ्यांनी या दोघांना तलावाच्या पाळीवर जरा फिरून यायला सांगितलं. तिलकने तिला तिच्या कामाबद्दल विचारलं आणि तिचं सांगणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. एवढंच तिने मला सांगितलं. मला तेवढ्यावरून कळायचं ते कळलं. तिला तो आवडला होता. टेंभरे घरी गेले आणि म्हणाले, 'पाहू'. त्याला आठ महिने होत आले होते. दिवसातून एकदा तरी ती तो प्रस्ताव उघडून पाहते हे मला ठाऊक होतं, कारण मी जिना चढून गेलो की ती घाईने स्क्रीन बदलायची.

आता कामाची गोष्ट सांगतो. मेळाव्याच्या दिवशी वेबसाइट बसली, म्हणजे बंदच पडली. आमच्याकडे स्थळ एकटा मुलगा पाहत नाही. एका मुलीची माहिती मुलगा, आई, मावशी, तीन मामा आणि नागपूरची वहिनी आपापल्या मोबाइलवर एकाच वेळी उघडतात. सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते आणि तिथे एका वेळी ठरावीकच जणांना वाट मिळते. रविताने मला समजावलं ते असं. लग्नाच्या पंगतीत वाढणारा प्रत्येक जण आपणच कोठीत जाऊन बादली भरायला लागला तर दारातच चेंगराचेंगरी होते. म्हणून कोठीवर एक फुफाजी बसवतात. तो भरलेली बादली हातात देतो आणि रिकामी परत घेतो. वाढप्याने कोठी कुठे आहे हे माहीत करून घ्यायचं कारणच नाही.

"आपल्या प्रोग्रामात हर वाढपी कोठीत घुसून राहिला, काकाजी. कनेक्शन बाहेरून हातात दिलं पाहिजे." याला संगणकवाले डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव ऐकून मला दवाखाना आठवला, पण गोष्ट शहाणपणाची वाटली. त्यात आणखी एक फायदा होता. वाढप्यांची तालीम घ्यायची असेल तर त्यांच्या हातात खोट्या कोठीतली बादली द्यायची. चुकून सांडली तरी खऱ्या बुंदीचा दाणा जात नाही.

हेच ती संजूला मेळाव्याच्या आधीपासून सांगत होती. संजूचं एकच उत्तर. "चालून तर राहिलं ना? मंग कायले हात लावून राहिली?" वेबसाइट बसली, कमिटीने त्याला माझ्यासमोर फैलावर घेतलं, आणि मग तो म्हणाला, "कर बाई, तुले काय करायचं ते कर."

तिने केलं. कितीतरी दिवस खपून एकेक काम बदललं. माहिती दाखवणं, प्रस्ताव पाठवणं, होकार नोंदवणं, सगळ्यांच्या हातात आता कनेक्शन बाहेरून यायचं. प्रत्येकाची तालीम झाली. तालमीसाठी खऱ्या डेटाबेसची एक नक्कल लॅपटॉपवर होती. शेवटी राहिलं ते नकाराचं काम. सकाळचे अकरा वाजले असतील. तिने तालीम लावली की नकलेतल्या ज्या ज्या प्रस्तावाला उत्तर नाही, त्या सगळ्यांना नकार नोंदव.

तिच्या प्रस्तावावर तिचा आणि बाबूजींचा असे दोन्ही नंबर दिलेले होते. थोड्या वेळाने तिचा मोबाइल वाजला. 'आपल्या प्रस्तावाला समोरील पक्षाने नकार कळवला आहे. टेंभरे परिवार, देवरी.'

मी तेव्हा खाली होतो. संजूने नंतर सांगितलं की ती मोबाइल हातात घेऊन नुसती बसून राहिली. त्याने काय झालं विचारलं तर म्हणाली, "काई नाई, देवरीचं उत्तर आलं." आणि पाणी प्यायला उठली.

तेवढ्यात माझा फोन वाजू लागला आणि थांबेचना. कमिटीत असल्याचा हा प्रसाद. तिरोड्याहून शामकलाबाई कडाडल्या, "केशोरावजी, आमच्या पोराले नकार? आन् तोबी मोबाइलवर? असं का बिगाडलं हो आमी त्यायचं?" दुसरा फोन, तिसरा फोन. मी जिना चढून वर गेलो. म्हटलं, "रविता, गावभर नकार जाऊन राहिले!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि धावत लॅपटॉपपाशी गेली. चूक सापडायला वेळ लागला नाही. नकाराच्या कामाच्या हातात तिने बाहेरून कनेक्शन दिलं होतं, पण आत दोन वर्षांपूर्वीची जुनी ओळ तशीच राहिली होती. वाढप्याने तालमीची बादली हातात घेतली, बाजूला ठेवली आणि सवयीने खऱ्या कोठीत शिरला. ते बटण कुणी कधी दाबलंच नव्हतं, त्यामुळे ती ओळ कधी कुणाच्या नजरेत आली नव्हती. सरळ नकार द्यायची रीत समाजात असती, तर पहिल्याच महिन्यात तिचं तिकडे लक्ष गेलं असतं.

"मंग देवरीचाबी खोटाच?" संजूने विचारलं.

"खोटाच," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. शेकडो घरांत गोंधळ उडाला होता, नोकरी जायची वेळ आली होती, आणि ही पोरगी खूश होती. पुढे तिने स्वतःच कबूल केलं, तेवढा वेळ तिला दुसऱ्या कुणाचं काही वाटलं नाही.

संजू म्हणाला, सगळ्यांना एक मेसेज टाकून देऊ, तांत्रिक अडचण म्हणून. रविता ऐकेना. "मेसेजनंच तर बोंब केली. आता मेसेजवर कोन भरोसा ठेवते? फोन करा लागते." मग ज्यांना नकार गेला त्यांना आणि ज्यांच्या नावाने गेला त्यांनाही सांगायला आम्ही तिघं फोन घेऊन बसलो. ज्या घराला सांगून झालं त्याचा प्रस्ताव ती पुन्हा 'उत्तर नाही' असा करायची. सांगितल्याशिवाय एकही बदलला नाही. तिचा फोन स्पीकरवर असायचा, कारण हात लॅपटॉपवर.

लोक नाना तऱ्हेने बोलले. काहींनी शिव्या घातल्या. आमगावचे ईश्वरदास म्हणाले, "चूक होती का? हात तेरी! आमी तर दुसरीकडं बोलनी सुरू केली, बरं वाटून राहिलं होतं." एका बाईंनी विचारलं, "बाई, आता मशीनबी नकार द्याले लागली का?" शामकलाबाईंना मी समजावलं, तर त्या म्हणाल्या, "खोटा होता म्हनता, पन इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोनी काई बोललं तरी." मला त्यांचं पटलं. मी तसं म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त देवरी राहिली. रात्री घरी बाबूजींनाही तिने काही सांगितलं नव्हतं, आधी देवरीशी बोलते म्हणाली. मी म्हटलं, "तो फोन मी करतो. तू नको."

"नाई काकाजी. चूक माजी हाय, तर फोनबी मीच करन."

तिने नंबर लावला. तिलकच्या आईने, राजकुमारीबाईंनी, उचलला. रविताने सगळ्यांना सांगितलं तेच शब्द सांगितले. वेबसाइटवरून बोलत आहे, आमच्या चुकीने तुमच्या नावाने नकार गेला, तुम्ही तो दिलेला नाही हे आम्हाला माहीत आहे, दुरुस्त करत आहोत. स्वतःचं नाव सांगितलं नाही.

 राजकुमारीबाई म्हणाल्या, "राहू दे ना बाई. कायले दुरुस्त करता? तिलकचं सालेकशाकडं ठरल्यासारखंच हाय. पटलेजींले कसं सांगाव, तेच कळून नव्हतं राहिलं. पोरगी चांगली होती, उगीच मन दुखते. मेसेज गेला तं बरंच झालं. आमचं तोंड वाचलं."

मला त्या बाईचा संताप आला. आठ महिने! संजूने मान खाली घातली. रविताची बोटं लॅपटॉपवर होती तिथेच थांबली होती.

"बरं, मावशी," ती म्हणाली. "तसंच ठेवते."

फोन ठेवला. डोळे भरले होते, ते तिने ओढणीच्या टोकाने पुसले आणि आमच्यापासून लपवले नाहीत. देवरीच्या प्रस्तावाला तिने हात लावला नाही. मग ती जुनी ओळ काढून टाकली आणि तीच तालीम पुन्हा लावली. नकलेत सगळीकडे नकार उमटले. खऱ्या डेटाबेसमध्ये एकच होता, आदल्या दिवशीचा.

मी चहा सांगायला उठलो तेव्हा तिचा फोन वाजला. बाबूजी होते. स्पीकर अजून चालूच होता.

"अवो रविता," दुर्गाप्रसाद म्हणाले, "आत्ताच समजलं, देवरीचा तो मेसेज खोटा होता म्हनते. मी रातभर झोपलो नाई. मंग अजून पाहूच म्हनायचं ना?"

"मेसेज खोटा होता, बाबूजी," ती म्हणाली. "नकार खरा हाय. मी आता विचारलं."

 "बरं झालं, विचारलं," ते म्हणाले. " संध्याकाळी लवकर ये. मी भात मांडून ठेवतो."